तळकोंडची भीती

"आजी चिखलात गुदमरून मेली," शर्वी म्हणाली. "मी तिचा हात धरला होता. आधी गरम होता, मग गार झाला. आई, अजून एक भाकरी आहे?"

रसिका बाईतने तव्यावरची भाकरी लेकीच्या ताटात टाकली आणि तिच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांची पोर. दरड कोसळल्याला वर्ष होत आलं होतं आणि त्या दिवसाबद्दल आजवर तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आता ती भाकरीचा तुकडा दुधात बुडवत होती.

"बघितलंस?" महेंद्र हळूच म्हणाला. नवऱ्याचे डोळे इतके चमकलेले रसिकाने बऱ्याच दिवसांनी पाहिले. "बोलली. अखेर बोलली."

बोलली होती खरी. पण आज शाळेत खिचडीत वाटाणे होते हे सांगावं, त्या सुरात बोलली होती.

वाघजाईचा डोंगर तळकोंडवर आला तो आदल्या पावसाळ्यात, पहाटेच्या वेळी. खालची वाडी अख्खी गेली. वरची वाडी आणि देवीचं देऊळ डोंगराच्या सोंडेआड असल्यामुळे राहिलं. रसिका शेजारच्या गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. आदल्या दिवशी ती आणि महेंद्र तिच्या भावाच्या मुलीच्या बारशाला गेले होते, आणि शर्वी आजीजवळ थांबली होती. दुपारी बचाव पथकाच्या कुत्र्याने माग काढला. शर्वीला वर काढलं तेव्हा आजीचा हात तिच्या मुठीत होता. मूठ सोडवायला दोघांना जोर लावावा लागला.

वाचलेल्या सगळ्यांना तालुक्याच्या गावाबाहेर पत्र्याच्या शेड बांधून दिल्या. नव्या गावठाणासाठी सपाट, पक्की जागा देऊ, असं मंत्र्यांनी चिखलात उभं राहून सांगितलं. तोवर इथे राहा.

शर्वी मातीवर पाय ठेवेना. मातीनेच तिला पुरलं होतं. शेडच्या सिमेंटवर ती चालायची. अंगणात उतरायची वेळ आली की किंचाळायची. पत्र्यावर पाऊस वाजला की अंथरूण ओलं करायची. रसिका रोज शाळेतून आली की तिला कडेवर घेऊन मैदानाच्या टोकाला करंजाच्या झाडाखाली जायची आणि नुसती बसायची. काही बोलायची नाही, काही शिकवायची नाही. पोर मांडीवर आणि आई मातीवर. हिवाळा असाच गेला. मग एकदा करंजाच्या बुंध्याशी मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून दुसरीकडे निघाल्या होत्या. त्या कुठे जातात ते बघायला शर्वी मांडीवरून उतरली, वाकली, रांगेमागे चार पावलं गेली. आपले तळवे मातीला टेकलेत हे तिच्या लक्षातच आलं नाही.

"आई, यांना कसं कळतं कुठे जायचं ते?" तिने विचारलं. दरडीनंतरचा तिचा तो पहिला प्रश्न.

रसिका त्या रात्री खूप रडली, पण ते रडू वेगळं होतं. पोर परत येत होती. हळू येत होती, पण स्वतःच्या पायांनी येत होती.

सरकारची 'उपशम' योजना आली ती त्याच महिन्यात.

डॉक्टर हृषीकेश परचुरे पुण्याहून आले होते. स्मृतींवर त्यांनी आयुष्यभर काम केलेलं. माणूस साधा, बोलणं स्वच्छ. शेडमधल्या लोकांना त्यांनी समोर बसवून समजावलं.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती बाहेर काढली की मऊ होते, आणि मेंदू तिला पुन्हा घट्ट करून ठेवतो. त्याला काही तास लागतात, नवी प्रथिनं लागतात. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. 'इथे धोका आहे' हा शिक्का आठवणीवर तिथे बसतो. आम्ही नाकात एक फवारा देतो. त्यातले कण वासाच्या नसांवरून थेट त्या भागात पोचतात आणि तिथलं प्रथिनं बनवणं थोडा वेळ थांबवतात. त्याच वेळी कानांना पावसाचा, दगड गडगडण्याचा आवाज ऐकवायचा, म्हणजे आठवण जागी होते. मग ती पुन्हा घट्ट होते, पण शिक्क्याशिवाय."

"म्हणजे माणूस विसरतो?" कुणीतरी विचारलं.

"नाही. सगळं आठवतं. फक्त पोटात गोळा येत नाही."

रसिकाने हात वर केला. "डॉक्टर, शिक्का फक्त त्या पहाटेचा पुसतो, की डोंगराचाही?"

परचुरे थांबले. "ते आम्हाला अजून पूर्णपणे माहीत नाही," ते म्हणाले. ते खरं बोलले होते, आणि त्यामुळेच कदाचित कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

रसिका म्हणाली, शर्वीला आत्ता नको, ती सुधारते आहे. दोन दिवसांनी ती शाळेतून आली तेव्हा शर्वी पलंगावर शांत झोपली होती आणि तिच्या मनगटावर हिरवा दिवा असलेला पट्टा होता. ठोके, घाम, श्वास मोजणारा. भीती असली की लाल, कमी झाली की पिवळा, गेली की हिरवा.

"माझ्या मागे संमतीपत्रावर सही केलीत?"

"रसिका, तिला झोप हवी होती," महेंद्र म्हणाला. "मलाही. मी रोज आईचं घर खणतो गं स्वप्नात. मी पण घेतला फवारा. तू घेतलास तर…"

"मी तिला करंजाखाली नेत होते. ती उतरली होती खाली."

"चार पावलं. वर्षभरात चार पावलं."

त्यानंतर शर्वी रात्रभर झोपायला लागली. अंथरूण कोरडं होतं. शेजारच्या बायका हसायला लागल्या होत्या. ज्या औषधाने एवढं केलं त्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडाने? तिने स्वतः मात्र फवारा घेतला नाही. 'नंतर बघू' म्हणाली, आणि नंतर बघितलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला प्रांतसाहेब शेडवर आले. सोबत एक मोठा पडदा. पडद्यावर तळकोंडचा नकाशा, आणि त्यावर माणसागणिक एक ठिपका. एक सोडला तर सगळे ठिपके हिरवे.

"अभिनंदन," प्रांतसाहेब म्हणाले. "राज्यातलं पहिलं हिरवं गाव. तज्ज्ञांच्या मते वरची वाडी राहण्यायोग्य आहे. डोंगरात संवेदक बसवले आहेत, भोंगा बसवला आहे. गावात परत जायला कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. मागच्या दिवाळीत याच माणसांनी 'परत पाठवलंत तर रॉकेल ओतून घेऊ' म्हटलं होतं. आता ती एकमेकांकडे बघून माना डोलावत होती. आपलंच गाव आहे. जाऊ की.

रसिका उठली. "आणि नव्या गावठाणाचं काय? जागा मोजून झाली होती."

"बाई, लोक स्वखुशीने घरी जातायत. मग त्या जागेची गरज काय?"

"लोकांना डोंगराची भीती वाटत होती म्हणून जागा देणार होतात. डोंगर तिथेच आहे. बदललंय काय?"

प्रांतसाहेबांनी हातातल्या उपकरणावर काहीतरी पाहिलं. मग ते अगदी मायेने म्हणाले, "तुमचा उपचार राहिलाय वाटतं."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, समजूतदारपणे हसले. महेंद्रने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. नकाशावरचा एकच लाल ठिपका कुणाचा होता, ते आता सगळ्यांना कळलं होतं.

रसिका बसली, पण तो अपमान तिच्या डोक्यातून गेला नाही. तिचा प्रश्न साधा होता, शाळेतल्या पोराने विचारावा असा. त्याला उत्तर द्यायचं सोडून त्या माणसाने प्रश्नालाच आजार ठरवलं होतं.

खालच्या वाडीतल्यांना सरकारने वरच्या वाडीत पत्र्याची घरं बांधून दिली. गाव परत आलं. शेतं नांगरली, देवळात दिवा लागला. शांतारामआबांनी गुरं आणली. आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले, महेंद्रच्या वडिलांचे मित्र. खालच्या वाडीत त्यांचा मुलगा, सून, सगळं गेलं होतं. शर्वी त्यांच्यामागे गुराख्यासारखी फिरायची.

आणि पाऊस लागला. आठवड्याभरात देवळामागच्या झऱ्याचं पाणी तांबडं झालं. ऐनाची दोन झाडं उताराकडे कलली. घरांची दारं चौकटीत अडकायला लागली. महेंद्रच्या जोत्याला बोटभर तडा गेला. त्याने सिमेंट आणून तो बुजवला. चार दिवसांनी सिमेंटच्या बाजूने दुसरा गेला.

"तडा आहे," महेंद्र म्हणाला.

"दिसतंय मला. मागच्या वर्षी आईंच्या घराला असाच गेला होता. तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो. असाच." त्याने थापी धुतली आणि कोपऱ्यात ठेवली.

भोंगा वाजला, फोनवर नारिंगी इशारा आला: जमीन सरकते आहे, सतर्क राहा. बायकांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले, आणि जेवायला बसल्या. भोंगा पुन्हा वाजला, पुन्हा. भाजीवाल्याचा टेम्पो वाजावा तसा तो गावात वाजून जायचा. माहिती सगळ्यांना होती. कुणाही माणसाला विचारलं असतं तर त्याने दरड कशी येते ते बिनचूक सांगितलं असतं. पण उठत कुणी नव्हतं.

त्या शनिवारी रसिकाने शर्वीला वहाळात पाहिलं. पाणी तांबडं, फुगलेलं, वरून फांद्या येत होत्या. पोर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वाहून येणारी एक फांदी धरायला बघत होती. पलीकडे वरून एक धोंडा गडगडत आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात आदळला. शर्वीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फांदीकडे वळली.

रसिकाने कपड्यांनिशी पाण्यात शिरून तिला ओढून काढलं. आईचं सगळं अंग थरथरत होतं. पोरीच्या मनगटावरचा दिवा हिरवा होता.

"आई, तू का थरथरतेस?" शर्वीने विचारलं. "थंडी वाजते?"

रसिकाने डॉक्टर परचुऱ्यांना फोन केला. काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच परचुरे स्वतः गाडी चालवत तळकोंडला आले. पत्र्याच्या घरात चहाचा कप हातात घेऊन बसले, आणि जोत्याच्या तड्याकडे बघत राहिले.

"शिक्का पसरून पुसला गेलाय," ते शेवटी म्हणाले. "आम्हाला वाटलं होतं त्या एका आठवणीपुरता राहील. पण पाऊस, माती, डोंगर, आवाज, सगळं एकाच धाग्यात होतं. धागाच निघाला."

"पण त्यांना सगळं माहीत आहे, डॉक्टर. मी विचारलं की बरोबर उत्तर देतात."

"माहिती राहते. ढकलणारं कुणी उरत नाही."

"आणि अशा माणसांना तुम्ही डोंगराखाली आणून ठेवलंत."

"मी नाही." परचुऱ्यांचा आवाज चढला आणि लगेच पडला. "मी पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं. हे औषध धोका संपल्यावर द्यायचं आहे. आधी माणसं सुरक्षित जागी हलवा, घरं द्या, मग उपचार. ज्याला परत त्याच जागी राहायचंय त्याला देऊच नका. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक साहेब म्हणाले, डॉक्टर, अख्खं गाव हलवण्यापेक्षा भीती काढणं सोपं जाईल. सगळे हसले. मला वाटलं विनोद केला."

रसिका परसाच्या दारात जाऊन उभी राहिली. परसात पाऊस पडत होता. करंजाखाली घालवलेला तो हिवाळा तिला आठवला, ती चार पावलं. पोर मातीला घाबरत होती, कारण माती काय करते ते तिने पाहिलं होतं. त्या भीतीतूनच ती मातीशी पुन्हा ओळख करून घेत होती. वाघासमोर राहणाऱ्या माणसाला वाघाची भीती असते, म्हणून तर तो वाघासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहतो. डोंगराशी असलेलं तळकोंडचं नातं तसंच होतं. माया आणि धाक एकाच दोरीचे पदर. यांनी एक पदर उपटला, आणि नकाशावर हिरवा ठिपका लावला.

"हे तुम्ही मला का सांगताय?" ती म्हणाली. "मला भीती वाटतेच आहे. चला देवळात. तिथे सांगा."

"माझी नोकरी जाईल."

"डॉक्टर, माझी मुलगी काल वहाळात उभी होती."

परचुरे उठले.

देवळात संध्याकाळी गाव जमलं. परचुऱ्यांनी फवाऱ्याबद्दल सांगितलं, धाग्याबद्दल सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. डोंगर पुन्हा येऊ शकतो म्हणाले, तेव्हा शांतारामआबांनी तंबाखू मळत मान हलवली. "येईल. लक्षणं तीच हायत."

"मग निघा ना, आबा," रसिका म्हणाली.

"बघू. पाऊस उघडला की."

रसिकाला तेव्हा कळलं की या माणसांना घाबरवता येणार नाही. ते दार बंद झालं होतं. तिने परचुऱ्यांकडे पाहिलं. "ते साहेब काय म्हणाले, ते सांगा. तसंच्या तसं."

परचुऱ्यांनी सांगितलं. गाव हलवण्यापेक्षा भीती काढणं सोपं जाईल. आणि सगळे हसले.

महेंद्र मागच्या खांबाला टेकून बसला होता. तो हळूहळू सरळ झाला.

"परत सांगा," तो म्हणाला.

परचुऱ्यांनी परत सांगितलं.

"म्हणजे मी सही केली ती पोरीला झोप यावी म्हणून," महेंद्र म्हणाला, "आणि त्यांनी घेतली ती आम्ही इथे गप मरावं म्हणून."

त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली होती. बाजूला बसलेल्या बायका ताठ झाल्या होत्या. एकीने पदर खोचला. फवाऱ्याने भीती नेली होती, पण राग कुठल्यातरी वेगळ्या खोलीत राहत होता, आणि तिथवर कुणाचं औषध पोचलं नव्हतं. गेल्या कित्येक दिवसांत तळकोंडच्या माणसांचे चेहरे असे जिवंत दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव निघालं. डोंगरापासून पळायला नव्हे, जाब विचारायला. लेकरं, म्हातारी माणसं, भाकऱ्या, चटया सगळं घेऊन. कारण जागा मिळेपर्यंत उठायचं नाही असं ठरलं होतं. पावसात टेम्पो भरले, उरलेले एसटीत चढले.

शांतारामआबा मात्र दारात उभे होते.

"आबा, चला," रसिकाने त्यांचा हात धरला. "पाया पडते."

"तू जा, पोरी. भांड त्यांच्याशी, माझ्या नावानं पण भांड. गुरांना चारा कोण घालील? उद्या येतो मी."

"तडे बघा, आबा."

"बघितलं की." आबा हसले. त्यांना खरोखरच काही वाटत नव्हतं. तिने ओढलं, महेंद्रने ओढलं. आबांनी हात सोडवून घेतला आणि गोठ्याकडे गेले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

तालुका कचेरीच्या सभागृहात गाव जाऊन बसलं. प्रांतसाहेब आले, त्यांनी आधी समजावलं, मग दमात घेतलं, मग पोलीस बोलावले. पोलिसांनी उचलून नेऊ म्हटलं. कुणी हललं नाही. एका हवालदाराने काठी आपटली. पुढे बसलेल्या आजीबाईंनी काठीकडे पाहिलं आणि पानाला चुना लावला. ज्यांच्या मनातून डोंगर काढला होता, त्यांच्या मनात आता पोलीस तरी कुठून राहणार? हा हिशोब योजना आखणाऱ्या कुणी केला नव्हता.

"तुम्हाला भोंगा दिलाय, इशारे दिलेत," प्रांतसाहेब म्हणाले. "आणखी काय करायचं प्रशासनाने?"

"आमचे कान शाबूत ठेवायचे," महेंद्र म्हणाला.

दुपारी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. लाल इशारा. आणि मग, तालुक्याच्या गावापर्यंत ऐकू येईल असा, लांबचा, खोल घरघराट. सभागृहाच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. प्रांतसाहेब दचकून उभे राहिले. बसलेल्या गावापैकी एकटी रसिका उभी राहिली. ती आणि प्रांतसाहेब, एवढ्या मोठ्या दालनात घाबरलेली दोनच माणसं एकमेकांकडे बघत होती.

वरची वाडी गेली. देऊळ गेलं. पत्र्याची घरं घडी घातलेल्या कागदासारखी वहाळात सापडली. आबा दुसऱ्या दिवशी मिळाले, गोठ्याच्या दावणीजवळ.

ते कळलं तेव्हा महेंद्र सभागृहाच्या पायरीवर बसला. पहिल्यांदा नुसता बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो गुरासारखा हंबरून रडायला लागला. आबांचं दुःख नवं होतं. त्यावर कुणी फवारा मारला नव्हता. रडता रडता तो मध्येच थांबला आणि रसिकाला म्हणाला, "मी आईला रडलोच नाही गं." मग आईसाठी रडला. बाकीचेही एकेक करत रडायला लागले, दोन पावसाळ्यांचं एकदम.

त्याच संध्याकाळी 'उपशम'चं पथक निळ्या पेट्या घेऊन दारात आलं. आपत्तीनंतर पहिल्या दिवसांत दिलेला डोस सर्वांत गुणकारी असतो, असं पथकातल्या मुलीने पाठ केल्यासारखं सांगितलं. प्रांतसाहेब तिच्या मागे उभे होते. वर कळवलेल्या माहितीत त्यांनी लिहिलं होतं की नागरिकांचं वेळेत स्थलांतर झालं आणि कुठेही घबराट पसरली नाही.

महेंद्र दारात आडवा उभा राहिला.

"साहेब, मला अजूनही भीती वाटत नाही. पण राग आलाय. तो काढायचं औषध आहे पेटीत?"

पथक परत गेलं. गाव त्या सभागृहात बसून राहिलं. परचुऱ्यांनी देवळात सांगितलेलं सगळं चौकशी समितीपुढे पुन्हा सांगितलं. त्यांची नोकरी गेली. तळकोंडला सपाटीवरची पक्की जागा मिळाली, दसऱ्याच्या सुमाराला. देणाऱ्यांनी मेलेल्यांना फुलं वाहिली, भाषणं केली. तळकोंडच्या एकाही माणसाने टाळी वाजवली नाही.

पण ते सगळं पुढचं. आबांना अग्नी दिला त्या दिवशी पाऊस थोडा उघडला होता. वहाळाच्या अलीकडे, सुरक्षित बाजूला, चिता रचली होती. पलीकडे वाघजाईचा डोंगर लाल, सोललेला दिसत होता. शर्वी आईबापांच्या मध्ये दोघांचे हात धरून उभी होती. तिने रडणाऱ्या सगळ्यांकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

"आई, मला रडू येत नाहीये," ती म्हणाली. "आबा मला आवडायचे. मी वाईट आहे का?"

"नाही गं."

"मग?"

पोरीला तिच्या बापापेक्षा जास्त फवारे मिळाले होते. रसिका तिच्यापुढे उकिडवी बसली आणि तिने सांगितलं. काय दिलं, कशासाठी दिलं, त्याने तिच्यातलं काय गेलं. नऊ वर्षांच्या मुलीला समजेल असं सांगितलं, पण काही लपवलं नाही. ते परत येईल का, हे मला माहीत नाही, हेही सांगितलं.

शर्वी ऐकत होती. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक आठी पडली.

"मला विचारलं का नाही?"

रसिकाने वर महेंद्रकडे पाहिलं. महेंद्रने नजर चुकवली नाही.

"मी विचारलं नाही," तो म्हणाला. "सही मी केली."

शर्वीने बापाच्या हातातून आपला हात हिसकावून घेतला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, मुठी वळून. दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. जेवताना त्याने वाढलेला भात तिने ताटाच्या कडेला सारला.

महेंद्रने ताट उचललं आणि रसिकाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"रागावलीय," तो म्हणाला. "खूप रागावलीय माझ्यावर."

"असू दे," रसिका म्हणाली. "तिची समजूत घालू नका."